उसरहापी

कपाट नऊ. मुठीएवढं डोकं,
कुरळी दाढी, नाकाचा शेंडा गेलेला,
माथ्यावर धान्याचं माप,
आमच्या अधोलीएवढं ऐटीत.
मराठी पाटी लिहायचं काम माझं.
चाळीस शब्द, साहेब म्हणाले,
त्यापुढे कुणी वाचत नाही.

'सेरापिस : मिश्र देव, ग्रीक-इजिप्शियन.'
इथवर आले आणि अडले.
मिश्र म्हणजे? भाजीसारखा?

मेंफिसला एक बैल होता. हापी.
जिवंत तोवर नुसता हापी.
मेला की उसिर, मेलेल्यांचा धनी,
दोघं मिळून उसिर-हापी.
पोळ्याला झूल आपणही घालतो,
पण मेल्यावर बैलाचं नाव
वाढवत नाही कुणी.

मग ग्रीक आले.
त्यांच्या अक्षरांत 'ह'ला घर नव्हतं,
हापीचा झाला आपिस.
(मी एकटीच हसले. बाबा रोज नऊला
आपिसातच जायचे, बॅलार्ड पिअरला.)
पुढचा 'ओ' त्यांनी 'तो' समजून गाळला म्हणे.
म्हणे. पुस्तकंही इथे चाचरतात.
दाढी आली, माप आलं.
बैल मूर्तीत कुठेच नाही.

शतकांनी नाईलकाठच्या माणसांनी
ग्रीकांचीच अक्षरं उसनी घेऊन
आपली बोली लिहिली. कॉप्टिक.
जे आवाज त्यांत मावेनात
त्यांच्यासाठी जुन्या लिपीतली सहा-सात
पदराला बांधून ठेवली.
त्यातला एक 'ह'.

एका जुन्या टिपणवहीत नाव आहे : उसरहापी.
कुठल्या कागदावर सापडलं, कुणी वाचलं,
ते लिहिलेलं नाही.
समासात पेन्सिलचं प्रश्नचिन्ह,
शिंगासारखं वाकलेलं.

पास्कू आली काचा पुसायला, चिंबईची.
"ह्यो कोन?"
सांगितलं, जमेल तसं.
"मंग आमची मोत मावलीच की!
पाद्री माउंट मेरी म्हनत ऱ्हायले,
आमी आमच्या तोंडानं हाक मारली.
ती काय आली नाय?"
आणि पुढच्या काचेवर फुंकर मारली.

माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर
इंग्रजीत नलावडे.
सत्तावीस वर्षं 'ळ' दाराबाहेर उभा,
चपला हातात घेऊन.

'सेरापिस' तसंच ठेवलं.
खाली बारीक अक्षरात लिहिलं :
उसरहापी, बहुधा.
एक्केचाळीस झाले. बेचाळीस.
साहेबांना मोजू दे.