तीन मिलिमीटर

गालिचा गुंडाळला तर खिडकीपाशी
चिपबोर्ड फुगलेला,
चहात जास्त वेळ राहिलेल्या बिस्किटासारखा.
पेचकस टेकवला. मुठीपर्यंत आत गेला,
काही न बोलता.

"वरचं लाकूड तुम्ही झकास निवडलंत," मी रागनफ्रिडबाईंना म्हणालो,
"ओक, मधाच्या रंगाचा.
पण पाय पडतो तो खालच्यावर.
ओक नुसता मध्ये येतो."

हामरफेस्टला नोव्हेंबर संपत आलेला,
दुपारी दोनला दिवे.
फळ्यांचे गठ्ठे दहा दिवस बैठकीत आडवे पडून होते,
घरच्या हवेची सवय व्हायला.
त्यांच्याशी बाई बोलत असाव्यात.

पिशवीतून तीन तुकडे काढले.
फोम, तीन मिलिमीटर.
कॉर्क, सहा.
आणि लाकडी तंतूंचा हिरवट तक्ता, दहा:
"ह्याच्यावर घोडा नाचवा, खाली मांजर जागं होणार नाही."

"खाली हालस्टाइन आहेत," बाई म्हणाल्या.
"चौतीस वर्षं छताला झाडूचा दांडा ठोकताहेत.
दहाचंच घाला. सुटू दे बिचाऱ्याला."

तरी मी खाली गेलो. एकाची जमीन
म्हणजे दुसऱ्याचं छत, त्याला विचारावं
असं आमचा उस्ताद सांगायचा. तो स्वतः कधी विचारत नसे.

हालस्टाइन जाळं दुरुस्त करत बसलेले.
छताला एके जागी रंग उडालेला, नाण्याएवढा.
दहाच्या तक्त्यावर त्यांनी बोट वाजवलं. पुन्हा वाजवलं.
"ह्यातून काहीच येत नाही की."
"तेच तर," मी म्हणालो.

वर तेवढ्यात बाई ओट्याकडून खिडकीशी निघाल्या:
नऊ पावलं, सातव्याला करकर.
मग शांत.
हालस्टाइन कप ओठांशी धरून थांबले.
पावलं परत फिरली. मग त्यांनी घोट घेतला.

"हे महाग असणार," तक्ता सरकवत ते म्हणाले.
"बाईंची पेन्शन ती केवढी."
"तसा भावात फार फरक—"
"महागच असणार."
आणि फोमचा तुकडा माझ्या खिशात कोंबला.

वर येऊन मी आधी दुसरंच सांगत बसलो:
भिंतीलगत बोटभर फट सोडायची,
लाकूड उन्हाळ्यात अंग पसरतं,
वर पट्टी येईल, दिसणार नाही.
मग म्हटलं, खालचे म्हणतात, पातळच बरं.
बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.
"झाडू नवा आणलेला दिसतोय," म्हणाल्या.

सडलेलं कापून काढलं. खचलेल्या तुळईला पाचर दिली,
पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईतो.
बावीस मिलिमीटरचं प्लायवुड, दर वितीवर स्क्रू.
खिळा नाही. खिळा पाच वर्षांत बोलायला लागतो.

फोम अंथरण्याआधी मात्र
ओट्यापासून सात पावलं मोजली,
बाईंच्या बेताची, आखूड,
आणि तिथले दोन स्क्रू उलटे फिरवले, अर्धा फेरा.
वर उभा राहून पाहिलं.
हलकीशी करकर.

खालून दांडा वाजला, एकदा.
बिलात हे धरलेलं नाही.