दुसरी किल्ली

देसूरकर बाई म्हणाल्या, गाडी आधी थंड व्हावी, मग मी.
एप्रिलात सीट तापते, गुडघे वाकत नाहीत.
दुसऱ्या मजल्यावरून बटण दाबलं
की खाली इंजिन लागावं, एसी सुरू व्हावा,
आणि एकेक पायरी मोजत मी उतरेपर्यंत
आत चार माणसं बसण्याजोगी हवा असावी.
चार कशास, असं मी विचारलं नाही.
त्या एकट्याच राहतात.

उद्यमबागेत माझं शेड. पाटीवर कानडी मोठं,
मराठी खाली, मावेल तेवढं.

तशी ह्या गाडीला किल्ली फिरवावी लागत नाही.
पर्समध्ये असली तरी दार ओळखतं,
ब्रेकवर पाय, बटण, झालं.
पण माणूस वर आणि गाडी खाली म्हटल्यावर
गाडी विचारते, किल्ली कुठाय?
तिथं तिला खोटं सांगावं लागतं,
आणि त्या खोट्यासाठी एक खरी किल्ली लागते.
दुसरी आणा, मी म्हटलं, ती आतच राहील.
डॅशबोर्डमागे. कायमची.

बाई पंख्याकडे बघत बसल्या.
दुसरी चंदगडला आहे, शेवंताकडे.
धाकटी बहीण. कधी मी पडले-झडले
तर जवळच्या माणसाकडे एक असावी म्हणून.
सहा वर्षं झाली.
शेवंताला गाडी येत नाही.

गुरुवारी सकाळच्या चंदगड बसनं किल्ली आली.
कंडक्टरनं खिडकीतूनच दिली, काजूच्या पिशवीत,
वर दोऱ्याच्या सात गाठी.
शिनोळीला राज्य बदलतं,
किल्लीला कुणी काही विचारलं नसावं.

कवच उघडायला नख घातलं, तर खाचेत हळदकुंकू.
खंडेनवमीला पुजलेली.
विळी, कोयता, आणि शेजारी
बहिणीच्या गाडीची किल्ली, सहा दसरे.
बसवण्णीनं फडकं पुढं केलं. मी घेतलं नाही.
आतली पट्टी काढली, नखाएवढी,
तिच्याभोवती तारेचे वेढे दिले, टेप मारला,
आणि स्टिअरिंगखालच्या अंधारात सरकवली.
बोलावलं तरच जागी होईल. एरवी निजून राहील.

बसवण्णी लायटर धरून वायरी सांगत होता,
केंपु, कप्पु, हसिरु.
दहा वर्षांत मी सगळे शिकलोय.
पिवळ्याला तो हळदी म्हणतो,
तेवढा एक शिकावा लागला नाही.

संध्याकाळी रस्ता ओलांडून
चहाच्या गाड्याजवळ उभा राहिलो आणि बटण दाबलं.
दिवे लुकलुकले. काही नाही.
पुन्हा दाबलं.
आणि रिकामी गाडी, शेडच्या तोंडाशी, घरघरली.
चहावाल्याचं पोर कप तसाच धरून बघत राहिलं,
आत कोण हाय की?
बसवण्णीनं दार उघडलं, तशी बंद.
हेदरितु, तो म्हणाला. घाबरली.
दार उघडणारा आपला की परका,
हे तिला समजावण्यात रात्रीचे अकरा वाजले.
बायकोचे तीन फोन येऊन गेले.

शनिवारी बाईंनी स्वतः दाबून बघितलं,
एकदा, दोनदा, मग उगाच तिसऱ्यांदा.
बिल झालं. मी कवच त्यांच्या हातावर ठेवलं.
हे रिकामं. पण आत लोखंडी पातं आहे,
बॅटरी मेली तर दार उघडायला.
दार उघडेल न्हवं? त्यांनी विचारलं.
उघडेल. चालू नाही होणार.
तिला कुठं चालवायची आहे, बाई म्हणाल्या,
परत पाठवते. दसरा येईल.

द्या जरा, मी म्हटलं.
हलवलं की खुळखुळत होतं ते.
वायरीचा एक पिवळा तुकडा गुंडाळून आत भरला,
कवच दाबून बंद केलं,
कानाशी धरून हलवून बघितलं.

तो तुकडा बिलात धरलेला नाही.