मानशीवरून

आमच्या बांधावर आता फलक आहे,
तीन भाषांत. चित्रातली मगर हसल्यासारखी दिसते,
रंगवणाऱ्याने दात जास्त काढले.
मे महिन्यात तो नव्हता.
मे महिन्यात इथे मी होतो.

आडपईच्या खाजनाची मानस मी राखतो.
भरतीला फळ्या टाकायच्या, ओहोटीला उचलायच्या,
जाळ्यात येतील ती शेवटी, काळुंद्रं,
कधी नुसता पाला.

ती माणसं इचलकरंजीची. कुस्तोदच्या घरात उतरलेली, चार दिवस.
मुलगा सहा वर्षांचा. नाव आर्जव.
आई त्याला हाक मारायची तेव्हा वाटायचं,
ही कुणाकडे तरी काही मागते आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने मला चिखलातली रेघ दाखवली,
मधोमध ओढलेली, जाड, दोन्ही अंगांना पंजे.
"काका, हे कोण?"
मांगें, म्हटलं. तुमच्याकडे मगर म्हणतात.
पौषाच्या अवसेला आम्ही तिला मातीची करतो इथेच,
शिंपल्यांचे खवले, काठ्यांचे दात,
तोंडात अंडं ठेवतो, फुलं वाहतो. ती बांध राखते.
"चावते?"
मी म्हटलं

इथे थांबतो. चौकशीतही इथेच थांबलो होतो.

नंतर सगळ्यांना सगळं माहीत होतं.
आई फोनवर होती.
(नव्हती. धाकटीच्या टाचेत रुतलेली कवडी काढत होती,
वाकून, चष्मा कपाळावर चढवून.)
बाप प्यालेला होता.
(तो फोंड्याला गेलेला, तापाचं औषध आणायला.)
असल्यांना मुलं होतात तरी कशाला,
बाजारात एक बाई म्हणाली, आणि त्याच दमात
बांगड्याच्या वाट्यात आणखी दोन मागून घेतले.
कुस्तोदचा परवाना, वनखातं, पंचायत, भायले लोक,
नावं ओहोटीच्या कचऱ्यासारखी काठाला लागत गेली.
पदेरसुद्धा सायकल उभी करून विचारायचा,
"आवय रडली काय रे?"
कॅमेऱ्यापुढे ती रडली नव्हती.
तेही लोकांनी लक्षात ठेवलं.

पिंजरा लावला, आत कोंबडी.
पाचव्या दिवशी पलीकडच्या वाड्यावर एक मादी सापडली,
साडेसहा फूट. हीच ती काय, कुणी विचारलं नाही.
तोंडाला दोरी. ट्रकात चढवताना
लोकांनी तिला चपलांनी मारलं.
त्यांतले दोघे गेल्या पौषात
मूर्तीचा चिखल तुडवायला माझ्याबरोबर होते.
हात मीही उचललेला.
पायात चप्पल नव्हती, एवढंच.

जायच्या सकाळी ती एकटी बांधावर आली.
त्रिशलाताई. ओढणी नीट घेतलेली, केस विंचरलेले,
जशी कुणाच्या तरी घरी आभार मानायला.
"तुम्ही रोज इथे असता ना?
त्याला काही सांगितलं होतंत, पाण्याचं?"

सांगितलेलं, म्हटलं. जाऊ नको म्हणून सांगितलेलं.

ती बराच वेळ फळ्यांकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
"ऐकायचा हो तो. सगळ्यांचं ऐकायचा."

मी म्हटलं होतं,
आमच्या माणसांना ती काही करत नाही.
आणि तू तर आता आमचाच.

यंदाच्या अवसेला माणसं कमी होती.
चिखल मी एकट्याने तुडवला, शिंपल्या लावल्या,
शेपटी जरा वाकडी झाली, तशीच ठेवली.
अंडं ठेवायला तिच्या तोंडात हात घातला,
अंडं ठेवलं,
आणि हात काही वेळ काढलाच नाही.
माती आतून गार होती.

मागून बायको म्हणाली,
भरती चढतेय, फळ्या टाक.