गिरणी बंद होती तेवढा वेळ

मखमलाबाद नाक्याला, पगार मावशींच्या गिरणीच्या वर
माझी खोली. खाली दळण, वर लग्नं.
टेबल दिवसातून दोनदा थरथरतं,
म्हणून ड्राइव्ह ठेवते मी चौपदरी गोधडीवर,
आणि कॉपी लावते ती दुपारी एक ते पाच,
मावशी झोपतात तेव्हा.

पुढची दोन्ही पोर्टं ढिली.
एकाला हब, त्या हबला आणखी एक हब,
त्यावर लोंबणाऱ्या चार ड्राइव्ह:
आडगावचं लग्न, ओझरचा साखरपुडा,
आणि दोन अशा की ज्यांचे पैसेच आले नाहीत.
"एका नळाला चार बादल्या," मुश्ताक म्हणाला,
"वर विचारता, धार बारीक का."

चौक मंडईतून आला तो, डिकीत कार्ड घेऊन.
तळहाताएवढं हिरवं, पाठीला सहा तोंडं.
कॅबिनेटचं झाकण काढलं आणि थांबला.
पंख्यावर, रॅमच्या फटीत, सगळीकडे पीठ.
"ज्वारी?"
"बाजरी," मी म्हटलं. "संक्रांतीपासूनची."
हसला नाही. रंगाऱ्याच्या ब्रशने झाडत राहिला अर्धा तास.
पेपरवर जमलं ते
एका भाकरीपुरतं तरी असेल.

मग स्लॉटवरची पत्र्याची पट्टी उचकटली,
कार्ड बसवलं. खट्.
सप्लायमधली एक मोकळी वायर हुडकून त्याला खोचली.
"आता हे कुणाकडे उसनं मागणार नाही."
चारही ड्राइव्ह एकदम दिसल्या स्क्रीनवर,
हजेरीला उभ्या राहिल्यासारख्या.

पाचवी सिन्नरच्या खैरनारांची.
शूटिंगवाल्याच्या हातून जिन्यात पडलेली;
मेमरी कार्डं त्याने केव्हाच पुसली होती.
मुश्ताकने नारळ बघावा तशी कानाशी धरली.
"एकदा वाचेल. वाचली तर.
मध्ये धक्का नको. लाइट हलायला नको."

पावणेपाच वाजले होते.

खाली मावशी पट्टा चढवत होत्या.
"किती वेळ?"
"चाळीस मिनिटं."
सात डबे रांगेत, झाकणांवर चिठ्ठ्या.
"कुणाचं लग्न?"
"तुमच्या ओळखीतलं नाही."
मावशींनी पट्टा खाली ठेवला.
"आडनाव पगार," रांगेला म्हणाल्या,
"मिळाला मात्र कधीच नाही. बसा जरा."

लोक जिन्यावर बसले.
त्या वेळी गिरणी बंद
मी कधी ऐकली नव्हती.
नाक्यावरचे हॉर्न वर आले, कुणाचा तरी खोकला आला,
आणि गोधडीवरची ती कुरकुर,
दाताखाली खडा आल्यासारखी.
एकतीस टक्क्यांना हळद.
बावन्नला रुखवत; करंज्यांचा मोर.
सत्तरला अंतरपाट, आणि तिथेच अकरा मिनिटं अडून राहिलं.
एक पोरगं वर येऊन विचारून गेलं,
"झालं का लग्न?"

पन्नास मिनिटं झाली.
खालून एक बाई म्हणाली, घरी पीठ नाही, पोरं भुकेली.
खरंच होतं ते.
मावशींची हाक आली: "आता लावते गं."
मी चौऱ्याण्णवकडे बघत म्हटलं, "लावा."

ट्यूबलाइट एकदा मिचकावली. फरशी थरारली.
टक्. टक्. टक्.
नव्या कार्डावरच्या चौघींचे दिवे तसेच राहिले.
हिचा गेला.

नाही आली ती पाठवणी.
फुलं लावलेल्या गाडीचं दार
अर्धं उघडलंय, तिथवर आहे.
फोन केला तर विमलताई म्हणाल्या,
"राहू द्या. रडणंच होतं ते."
नंतर बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही.
मीही नाही.

मुश्ताकने पैसे मोजले, शंभर परत दिले,
कशाचे ते सांगितलं नाही.
ड्राइव्ह अजून गोधडीवर आहे.
सहावं तोंड मोकळं;
त्यात मी कापसाचा बोळा घातलाय,
पीठ जाऊ नये म्हणून.