अडतीस दिनार

हवल्लीतल्या तळघरातल्या दुकानात
बोर्ड काचेआड टांगलेले, ईदच्या कपड्यांसारखे.
एकाच्या कडेने जांभळा दिवा धावतो,
एकाच्या छातीवर गरुड.
जोजी म्हणतो, हा ने, सगळी पोरं हाच नेतात.
मी म्हणतो, उलटा कर. पाठ दाखव.

सात वर्षं गच्च्यांवर कॉम्प्रेसर उघडतोय मी,
रंगाला भुलत नाही.
किती अँपिअर ओढतोस, आणि तापलास की ती ऊब टाकतोस कुठे,
एवढंच विचारतो यंत्राला.
ओळख वाढली तर माणसालाही.

खिशात चाळीस दिनार.
पंचेचाळीस होते, पाच मुकादमने नेले
इकाम्याच्या कसल्याशा शिक्क्यासाठी.
प्रोसेसर आधीच घेतलाय, वापरलेला, एका सीरियन पोराकडून,
टिश्यूत गुंडाळलेला. एक पिन वाकडी होती,
ती श्वास धरून सुईने सरळ केली.
त्याला कुलूप नाही, एवढीच त्याची श्रीमंती.

पण बिनकुलपाच्या प्रोसेसरला
कुलूपवाला बोर्ड दिला तर काय उपयोग?
सगळ्यांत स्वस्त तो सव्वीसला आहे. नीटनेटका आहे.
त्यात गुणकाचा आकडा दिसतो, हलत नाही,
आमच्या करारातल्या पगारासारखा.

मग मधल्या फळीवरचे तीन.
पहिल्याला दिवे, वायफाय, सगळं,
मोस्फेट मात्र उघडे, डोक्यावर टोपीसुद्धा नाही,
भर बाराला साईटवर उभा केलेला नवा मुलगा जणू.
दुसऱ्यावर ॲल्युमिनियम होतं. बोटाने दाबलं,
हललं.
नुसती चिकटपट्टीवरची शोभा.
तिसऱ्याचं खोकं फाटलेलं, गेल्या सालचा माल,
रंग भिजलेल्या पुठ्ठ्याचा,
दिवा एकही नाही.
पण चोकचे चौकोन मोजले: सहा आणि दोन.
त्यांच्या शेजारी धातूचा जाड ठोकळा, खाचा पाडलेला,
मागून स्क्रूने आवळलेला.
हातात घेतला तर वजन लागलं.
बाणकोटच्या बाजारात अम्मी नारळ असाच उचलायची,
कानाशी हलवून,
दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता.

अडतीस, जोजी म्हणाला.
खोकं फाटलंय.
प्रोसेसर काय खोक्यात बसवणारेस?
दोघंही हसलो, आणि अडतीसच दिले.
दीड दिनाराची थर्मल पेस्ट.
अर्धा उरला, बसपुरता.

रात्री जलीबच्या खोलीत तिघे झोपलेले,
मी बायोसच्या उजेडात.
वेग एक पायरी वर. मग आणखी एक.
व्होल्टेज चिमटीने, मिठासारखं.
चार पूर्णांक दोनला पडदा काळा झाला,
मुकादम कूस बदलून म्हणाला, झोप रे.
चार पूर्णांक एकला टिकला.
कोर्ससाठी इस्पितळाच्या एका मजल्याचा थंडाव्याचा हिशेब लावला होता,
त्याला बावन्न मिनिटं लागायची.
शेहेचाळीस लागली.
सहा मिनिटं!
एवढ्यात माझा चहा होतो, पण झोप होत नाही.
तरी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो.

शुक्रवारी दुपारी खोलीतला एसी ट्रिप झाला.
माझाच, मीच बसवलेला.
बाहेर एकोणपन्नास, आत भिंती हाताला लागेनात.
कव्हर काढून ठोकळ्यावर बोट ठेवलं:
एक, दोन, तीन. चारला उचललं.
ठीक आहे. कॉम्प्रेसरलाही मी तिनाचीच सूट देतो.
पण प्रोसेसर धापा टाकत होता,
पंख्याचा आवाज खालच्या गल्लीत ऐकू जाईल इतका.
मी वेग एक पायरी उतरवला.
चार. शून्य.

मुकादम खाटेवरून बघत होता.
एवढे पैसे घातलेस वर चढवायला,
आणि आता खाली आणतोस?

जुलै आहे, मी म्हणालो.
ऑक्टोबरात बघू.