दुसरी रेघ

पूर चढला की झांबेझी दवाखान्याच्या पायरीला लागते,
आणि बायका होड्यांतून येतात, पोट सांभाळत.
इनोंगे आली तेव्हा पाचवा महिना.
जुन्या कार्डावर माझ्याच अक्षरात:
एक मेलेलं जन्मलं.
एक अकरा दिवसांचं गेलं.
गावाने कारण कधीच ठरवलं होतं.
सासू तिच्या हातचं पाणी पीत नव्हती.

त्याखाली, तेही माझंच अक्षर:
'पट्ट्या संपल्या. तपासणी नाही.'
दोनदा लिहिलंय.
शाई अजून फिकी पडली नाही.

बोटाला टोचलं. एक थेंब.
मग पंधरा मिनिटं काही करायचं नसतं.
ती विचारते, "सिस्टर, पाणी कुठवर येईल?"
"शाळेच्या खिडकीपर्यंत."
पहिली रेघ येते, ती एवढंच सांगते
की पट्टी खराब नाही.
दुसरी येऊ नये म्हणून मी पट्टीवरची नजर काढते.
ती येते. बारीक, नखाने ओढल्यासारखी.

"हा शाप नाही, आजार आहे.
औषध जुनं आहे, स्वस्त आहे,
तुला टोचलं की बाळाला पोचतं."
ती रडली नाही. म्हणाली,
"म्हणजे त्या दोघांनाही..."
मी सुई भरायला वळले.

पेनिसिलिन पेजेसारखं दाट,
घाई केली तर सुईतच अडकतं.
तीन बुधवार. एकही चुकवायचा नाही.
"आणि नवरा?"
"तो म्हणतो, मला कुठे काय दुखतंय."
मी निरोप धाडला नाही, फक्त विचारायला सांगितलं:
बाळाचं नाव ठरवलंस का?

पुढच्या बुधवारी लिकांडो आला,
माशांची माळ टेबलावर ठेवून म्हणाला,
"मला काही दुखत नाही."
म्हटलं, "आता दुखेल."
आमच्याकडे पुरुष होडी उभ्यानेच वल्हवतात,
त्या दिवशी ते त्याच्या पथ्यावर पडलं.
ती पुढे, एका कुशीवर रेलून.
दोघं हसत होती की भांडत होती,
किनाऱ्यावरून कळलं नाही.

पाणी उतरलं. मुलगी झाली,
दोन किलो नऊशे. तळवे स्वच्छ,
रडणं इतकं मोठं की बाहेरची कोंबडी उडाली.
तरी तिचंही रक्त घेतलं, तिलाही तारखा दिल्या.
सासू काही आली नाही.

रात्री कंदिलाशी कपाट मोजलं:
पट्ट्या सतरा.
येत्या बुधवारच्या यादीत बायका एकोणीस.