वापर

मार्चअखेरचा बुधवार. नॉरिचच्या कचेरीत
थर्केटल सँडविचच्या डब्यातून कुपी काढतो,
किचन-रोलमध्ये गुंडाळलेली.
शिशाची. माझ्या अंगठ्याच्या पेराहून थोडी मोठी.
एका अंगाला शिंपला, दुसऱ्या अंगाला मुकुट,
त्याखाली डब्ल्यू. म्हणजे बहुधा वॉल्सिंगहॅम.
कुठे सापडली? बीटाच्या शेतात, नांगरटीनंतर,
यंत्र कुईंकुईं करायला लागलं म्हणून.

मी मोजते. बेचाळीस मिलिमीटर, एकतीस ग्रॅम.
तोंड फाटलेलं, कान एकच उरलेला.
भिंगाखाली मानेवर चार खळगे
आणि मध्येच एक जागा कोरी.
"कुत्र्यानं चावली असेल," तो म्हणतो.
नाही. माणसाचे दात आहेत हे.
लोक तीर्थ घरी आणायचे, तोंड चेपून बंद केलेलं,
आणि पेरणीआधी बांधावर उभे राहून
दातांनी फोडायचे. पाणी सरीत,
मग रिकामं शिसंही त्याच सरीत.
देव्हाऱ्यात बसवायची वस्तू नव्हे ही, पुरायची.

कोरी जागा म्हणजे पडलेला दात.
मला ती बाई वाटते, का कोण जाणे.
ॲव्हिस म्हणू तिला. तीन दिवस चालत गेलेली,
विहिरीपाशी कुपीच्या दरावरून भांडलेली,
परतताना नवऱ्याला हातही लावू न दिलेली.
शिसं गोडसर लागतं म्हणतात.
थुंकली असेल. मग वर बघितलं असेल,
आभाळ काही मनावर घेतंय का.
त्या साली पीक आलं की नाही
याला माझ्याकडे रकाना नाही.

"सापडल्याची तारीख?"
"नऊ जानेवारी."
माझं पेन थांबतं. "मग इतके दिवस?"
तो खिडकीतून पार्किंगकडे बघतो.
"कोटाच्या खिशात होती.
बेरिलचे स्कॅन चालले होते ना."
पुढे तो बोलत नाही. मी विचारत नाही.

शिंपल्याच्या रेघा एका कडेला
झिजून चकाकतायत, अगदी ताज्या,
अंगठा टेकतो नेमका तिथे.
मी लिहिते: अलीकडची झीज.
पुढचा रकाना, वापर.
लिहिते, शेतीसाठी. खोडते.

"परत कधी मिळेल?"
नियमानं सहा आठवडे.
तो रिकाम्या डब्याचं झाकण लावतो, उघडतो, लावतो.
"थांबा," मी म्हणते, "फोटो आत्ताच काढते,"
आणि दिवा कुपीच्या जवळ ओढते.